ट्रंकेतली पदवी

आमच्या ऑफिसच्या दारावर 'परदेशी पदवी समकक्षता : सल्ला व माहिती' अशी पाटी आहे. बाहेरच्या देशात शिकून आलेल्या माणसाला इथं नोकरी किंवा पुढचं शिक्षण हवं असेल, तर त्याची पदवी आपल्याकडच्या अमुक पदवीच्या बरोबरीची आहे असं प्रमाणपत्र दिल्लीहून आणावं लागतं. ते आम्ही देत नाही. कोणते कागद लागतात, कोणता कमी आहे, अर्ज कुठं अडेल, एवढंच आम्ही सांगतो.

सांगलीतल्या एका शिक्षणसंस्थेनं ही सोय आपल्या जुन्या वाचनालयाच्या हॉलमध्ये केली आहे. हॉलमध्ये बेचाळीस खुर्च्या आहेत. गेल्या दहा महिन्यांत दिवसाला सरासरी एक पूर्णांक दोन दशांश माणसं आली. बाकीच्या वेळी हॉलमध्ये मी असते आणि संस्थेचे कारकून धरणेंद्रकाका.

"पासपोर्ट नसलेली बाई परदेशाचा सल्ला देते," काका येणाऱ्याला ऐकवतात. "आमची क्रांती मलकापूरच्या पुढं पुण्यापर्यंत गेलीय फक्त."

खरं आहे ते. मी कराडला रसायनशास्त्रात एमएस्सी केली, नोकरी इथं मिळाली, विश्रामबागेत खोली घेतली. शनिवारी दुपारच्या एसटीनं मलकापूरला घरी जाते, सोमवारी पहाटे परत येते. मधल्या दिवसांत काका आणि दूधवाला सोडून कुणाशी बोलणं झालं, हे मला बहुतेक वेळा मोजून सांगता येतं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी मी पावणेदहाला आले तेव्हा दारात एक गृहस्थ उभे होते. सत्तरीच्या आसपास, पाठ ताठ, पांढरी मिशी कातरलेली, हातात कापडी पिशवी. मी कुलूप काढलं, पण ते आत आले नाहीत.

"या ना आत."

"दहाला उघडतंय म्हणून लिवलंय. व्हऊ द्या दहा."

मधली पंधरा मिनिटं त्यांनी व्हरांड्यातल्या सगळ्या सूचना वाचून काढल्या. थुंकू नये. मोबाइल बंद ठेवावा. सापडलेल्या वस्तू मूळ मालकाने स्वतः येऊन, ओळख पटवून घेऊन जाव्यात. ही शेवटची सूचना वाचनालयाच्या काळातली आहे आणि त्या वस्तूंचा कप्पा अजून माझ्या टेबलाखाली आहे. त्यात सहा छत्र्या, चार चष्मे आणि एक दातांची कवळी आहे.

दहाला ते आत आले. "आकाराम सूर्यवंशी. रिटायर हवालदार, मिल्ट्रीतला. कवठे महांकाळपास्नं आत गाव हाय आमचं." मग पिशवीतून त्यांनी प्लायवूडच्या दोन पातळ फळ्या काढल्या. फळ्या सुतळीनं बांधल्या होत्या. गाठ सोडून त्यांनी वरची फळी उचलली. आत पदवी होती.

इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाची. मृदाविज्ञानातली एमएस्सी, २०२० साल, नाव विश्वजीत आकाराम सूर्यवंशी. आणि ती चारही बाजूंनी लॅमिनेट केलेली होती.

"थोरल्याची हाय. मातीचं शिकलाय," ते म्हणाले. "शाळंत हुता तवापास्नं त्येला त्योच नाद. आमच्या आन् भावकीच्या समद्या रानातली माती बाटल्यांत भरून ठिवलीय त्येनं. सदतीस बाटल्या हायत. चिठ्ठ्या लावल्यात. मी दर दिवाळीला पुसतो."

"आता कुठं असतो?"

"कॅनडात. नोकरीला." त्यांनी खिशातून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. सांगलीजवळच्या एका कृषी महाविद्यालयाची जाहिरात होती. मृदाविज्ञान, सहायक प्राध्यापक, एक जागा, शेवटची तारीख तीस सप्टेंबर. खाली बारीक अक्षरात होतं की परदेशी पदवी असल्यास समकक्षतेसाठी अर्ज केल्याचा पुरावा जोडावा.

"पाच वर्सं बघतोय मी. ह्या इषयाची जागा आपल्याकडं पयल्यांदा निघाली. पण लोक म्हणत्यात, एकाच वर्साची डिग्री हाय, हितं चालंना. चालंना झाली तर त्यो कशाला यील?"

हा प्रश्न मला नेहमी येतो आणि त्याचं उत्तर मला आवडतं, कारण ते नेमकं देता येतं. मी नियमाची प्रत काढली. इंग्लंडच्या एक वर्षाच्या पदव्युत्तर पदव्या पूर्वी अडत. आता विद्यापीठ तिथं मान्यताप्राप्त असेल, शिक्षण प्रत्यक्ष वर्गात झालं असेल आणि आधीची पदवी ठीक असेल, तर अडायचं कारण नाही. विश्वजीतचं तिन्ही बाबतींत बसत होतं. मी पट्टी ठेवून ती ओळ अधोरेखित केली आणि प्रत त्यांना दिली.

त्यांनी ओळीवरून बोट फिरवलं. "म्हंजी चालती."

"चालते. पण दोन अडचणी आहेत. अर्ज त्यालाच करावा लागेल. त्याच्या फोनवर नंबर येतो, तो टाकल्याशिवाय पुढं जात नाही."

"आन् दुसरी?"

मी लॅमिनेशनवर बोट ठेवलं. "मूळ पदवीच्या मागं अधिकृत शिक्का आणि सही घ्यावी लागते. प्लास्टिकवर शिक्का देत नाहीत. हे कुणी केलं?"

"मीच. तासगावात करून घेतलं. दुकानदाराला म्हणलं, सगळ्यात जाड असंल ते मार. अडीचशे मायक्रॉन म्हणाला." ते माझ्या तोंडाकडं पाहत होते. "ट्रंकेत ठिवायची म्हणून केलं. चुकलं व्हय?"

आमच्याकडं येणाऱ्या दर पाच मूळ कागदांतला एक असाच येतो. जन्मदाखला, गुणपत्रिका, शेताचा नकाशा, जे जपायचं ते इकडं लॅमिनेट होतं. आत कागद असतो, चिकट थर त्याच्या तंतूंत वितळलेला असतो. तो सोडवायचे प्रयोग मी स्वतःच्या बारावीच्या गुणपत्रिकेवर केले आहेत. गरम करून आणि गार करून, दोन्ही. ती गुणपत्रिका आता वाचता येत नाही.

"चुकलं नाही," मी म्हणाले. "पण शिक्क्यासाठी दुसरी प्रत मागवावी लागेल. ती विद्यापीठ देतं, फक्त विद्यार्थ्यानं मागितली तर."

"म्हंजी दोनी गोष्टी त्येच्यापाशीच आल्या."

"त्याला माहीत आहे का तुम्ही आलाय ते?"

"न्हाई. आदी हितलं समदं पक्कं करायचं, मग सांगायचं, असं ठरिवलं हुतं." त्यांनी कात्रणाची घडी घातली. "त्यो माझा फोन उचलतो बरं का. उचलत न्हाई असं न्हाई. पाऊसपाणी इचारतो, आईचं गुडघं इचारतो. पण कवा येणार म्हणलं की त्येची रेंज जाती."

धरणेंद्रकाका हसले आणि मग लगेच थांबले.

"तुमी करा की मॅडम त्येला फोन. माझं ऐकायचा न्हाई. हापिसातनं आला म्हणलं की बोलंल." एका चिठ्ठीवर त्यांनी नंबर लिहून दिला. अंक सारख्या उंचीचे होते, छापल्यासारखे. "सोमवारी येतो मी. ह्याच बशीनं."

फळ्या बांधून ते गेले. बेचाळीस खुर्च्यांपैकी त्यांनी वापरलेली एक वाकडी झाली होती. ती त्यांनी जाताना सरळ केली होती, हे मला नंतर लक्षात आलं, कारण तीच एक रांगेत होती.

चार वाजता मी विश्वजीतला मेसेज केला. मी कोण, कुठून, वडील काय विचारायला आले होते, हे चार ओळींत. अकराव्या मिनिटाला उत्तर आलं. साडेपाचला फोन करतो, वडिलांना आत्ता काही सांगू नका.

साडेपाचला काका निघून गेले होते. तिकडं सकाळचे आठ वाजले असणार. पलीकडून गाडीचा आवाज येत होता.

"मॅडम, आप्पांनी डिग्री आणलीय का बरोबर? ओरिजिनल?"

"हो. लॅमिनेट केलेली आहे."

तो म्हणाला, "ती आता ओरिजिनल नाहीये."

त्यानं सांगितलं ते असं. दोन हजार एकवीसला सुट्टीवर घरी आला तेव्हा त्यानं पदवी आप्पांच्या लष्करी ट्रंकेत ठेवली, कारण घरातलं सगळं महत्त्वाचं तिथंच असतं. तेवीस सालच्या मार्चमध्ये कॅनडातली नोकरी कायमची होताना तिथल्या लोकांनी मूळ पदवी बघायला मागितली. आप्पांकडून मागवली असती तर का हवी, हे सांगावं लागलं असतं. दोन-तीन वर्षं बाहेर नोकरी करून घरी परत येणार असं ठरलेलं होतं. म्हणून त्यानं विद्यापीठाला लिहून दिलं की पदवी हरवली. विद्यापीठानं नवी दिली आणि आधीची रद्द केली. नवी पदवी तिथल्या संस्थेनं तपासली, मान्य केली. आता तो तिथं कायमचा राहू शकतो. तसे कागद यंदा मेमध्ये आले.

"घरी कुणाला माहीत आहे?"

"आईला थोडं. आप्पांना नाही." गाडी कुठंतरी थांबली असावी, आवाज बंद झाला. "मॅडम, एक विनंती आहे. तुम्ही त्यांना सांगा ना, की एक वर्षाची डिग्री आहे, इथल्या नियमात बसत नाही. सरकारी नियम म्हटलं की ते मानतात. त्यांना वाईट वाटेल, पण माझं वाईट वाटणार नाही."

"पण ती बसते."

"तुम्हाला माहितेय ते. त्यांना कुठं माहितेय?"

मी 'बघते' म्हणाले. हो किंवा नाही म्हणायला हवं होतं.

त्या संध्याकाळी खोलीवर मी वहीत ते वाक्य लिहून बघितलं. 'आपल्या मुलाची पदवी प्रचलित नियमांत बसत नाही.' सात शब्द. एका म्हाताऱ्या माणसाचं मन राखायला सात शब्द जास्त नव्हेत. शिवाय इथं बसल्यापासून मी किती लोकांना 'नाही' सांगितलं होतं आणि ते निमूट परत गेले होते. तेवढ्यात आईचा फोन आला. "कवा येणार?" तिनं विचारलं. "शनिवारी," मी म्हणाले. दर वेळी हेच विचारते आणि मी हेच सांगते, तरी विचारते. त्या दिवशी मी तिला थोडा वेळ फोनवर धरून ठेवलं, काही कारण नसताना. शेवटी तीच म्हणाली, "ठिवू का गं, दूध उतू जाईल."

सोमवारी आकाराम सूर्यवंशी दहा वाजायची वाट बघत व्हरांड्यात उभे होते. आज सूचना वाचत नव्हते. सगळ्या वाचून झाल्या होत्या.

"बोलला?"

"बोलला." मी पेन उघडलं आणि बंद केलं. "मी परत एकदा तपासून पाहिलं. एक वर्षाची असल्यामुळं ती आपल्या नियमांत बसत नाही."

त्यांनी मान हलवली. मग पिशवीतून एक फाइल काढली, फाइलमधून मी दिलेली प्रत काढली आणि माझ्यासमोर ठेवली. पट्टीनं मारलेली माझी रेघ तिथंच होती.

"हितं तर बसती म्हणून तुमीच खूण केलीया."

धरणेंद्रकाकांचा स्टेपलर थांबला.

"नियम बदलला का चार दिसांत?"

"नाही."

"मग?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. रेघ एकीकडं आणि मी दुसरीकडं, यातलं कुठलं खरं, एवढंच त्यांना हवं होतं. मला ते फार ओळखीचं वाटलं. मी प्रयोगवहीत दोन आकडे जुळले नाहीत की अशीच बघते.

मी सगळं सांगितलं. मेमध्ये आलेल्या कागदांसकट. फक्त 'माझं वाईट वाटणार नाही' हे वाक्य सांगितलं नाही.

ते ऐकत असताना हात मांडीवर ठेवून बसले होते. मधे एकदाच त्यांनी विचारलं, "हरवली म्हणून कवा लिवून दिलं?"

"दोन हजार तेवीस. मार्च."

त्यांनी डोळे मिटले. हिशेब करत असावेत असं वाटलं. मग ते सावकाश म्हणाले, "त्या मार्चात फोन केलता त्येनं. म्हणला, आप्पा, ट्रंकेत वाळवी-बिळवी लागली न्हाई न्हवं? डिग्री बघा एकदा. मी बघितली. म्हणलं, न्हाई रं, समदं ठणठणीत हाय. तू काळजी करू नगंस." त्यांनी डोळे उघडले. "मला वाटलं, पोराला कागदाची लय काळजी. दुसऱ्या दिवशी तासगाव गाठलं आन् लॅमिनेशन केलं."

 काकांनी खुर्ची मागं सरकवली, पाण्याचा ग्लास भरून आणला आणि त्यांच्यासमोर ठेवला. "घ्या हवालदारसाहेब."

त्यांनी घेतला नाही. "वाळवी लागली असती तर त्येला खोटं लिवावं लागलं नसतं."

काकांनी ग्लास त्यांच्या हाताजवळ आणखी सरकवला. 

थोड्या वेळानं त्यांनी फळ्यांची गाठ सोडली. पदवी हातात घेतली. "आमच्या मिल्ट्रीत एक असायचं, मॅडम. हरवली म्हणून लिवून दिल्याली वस्तू कुणाच्या ट्रंकेत घावली, तर ज्येनं लिवून दिलं त्येची चौकशी लागायची. ही माझ्या घरात घावली तर विशूला त्रास व्हईल?"

"कोण विचारायला येणार आहे तुमच्याकडं?"

"ते न्हाई इचारलं मी."

"विद्यापीठाला कळलं तर ते त्याला विचारतील. पुढं काय होईल मला माहीत नाही." हे मात्र मी अचूक सांगितलं.

त्यांनी पदवीच्या वरच्या कडेला दोन्ही अंगठे धरले आणि फाडायला जोर लावला. ते इतकं अचानक होतं की मी उठले. प्लास्टिक वाकलं, पांढरी रेघ उमटली, फाटलं नाही. त्यांनी पुन्हा जोर लावला. मनगटाच्या शिरा वर आल्या.

अडीचशे मायक्रॉन. कडेला चीर पाडल्याशिवाय ते फाटत नाही. कुणाच्याही हातानं नाही.

माझ्या टेबलावरच्या डब्यात कात्री होती. त्यांनी तिच्याकडं बघितलं. मीही बघितलं. मी ती पुढं केली नाही आणि मागंही सरकवली नाही. शेवटी त्यांनीच नजर काढली आणि पदवी टेबलावर ठेवली.

"लय चांगलं काम केलंय गड्यानं," ते तासगावच्या दुकानदाराबद्दल म्हणाले.

"घेऊन जा तुम्ही," काका म्हणाले. "पोराचं आहे. भिंतीवर लावा. कोण बघतंय?"

"कसं लावू, आवं? पोरगा म्हणतोय हरवली. आन् बाप भिंतीवर लावतोय. दोघांतला एक खोटा ठरणार की." त्यांनी मान वळवून व्हरांड्याकडं बघितलं. "तुमच्यात घावल्याल्या वस्तू ठिवत्यात न्हवं?"

"ठेवतो."

"मग ही हितं घावली. कुणी टाकली तुमाला म्हाईत न्हाई."

मला माहीत होतं. पण मी त्या दिवशी एक खोटं आधीच बोलून बसले होते आणि त्यांच्यापुढं नियमाचं नाव काढायचा अधिकार मला राहिला नव्हता. मी रजिस्टर उघडलं. शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची होती, छत्री, काळी. त्याखाली मी लिहिलं, प्रमाणपत्र, एक, लॅमिनेट केलेले.

"स्थिती," ते म्हणाले.

"काय?"

"वस्तूची स्थिती लिवायची असती. चांगली का तुटल्याली."

मी 'चांगली' असं लिहिलं. त्यांनी वाकून वाचलं, मग मोकळ्या फळ्या एकमेकींवर ठेवून पुन्हा सुतळीनं बांधल्या, आत काही नसताना. तीच गाठ.

निघताना ते दारात थांबले. "मॅडम, तुमी शास्त्र शिकलाय. कॅनडात माती कशी असती?"

"मोठा देश आहे. जागोजागी वेगळी. काही भागांत काळी आहे, आपल्यासारखी. चिकणमातीची नाही पण, कुजलेल्या गवतामुळं काळी झालेली. हिवाळ्यात ती गोठते."

"गोठती." त्यांनी तो शब्द थोडा वेळ धरून ठेवला. "मग तवा त्यो काय करत असंल?"

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं.

"इचारतो," ते म्हणाले. "येत्या रयवारी इचारतो. त्येला त्येच्यावर बोलाय आवडंल." आणि कपाळाशी हात नेऊन ते व्हरांड्याच्या पायऱ्या उतरले. जाहिरातीचं कात्रण टेबलावर राहिलं होतं. मी हाक मारायला गेले, तर काका म्हणाले, "राहू दे."

दुपारी विश्वजीतचा मेसेज आला. सांगितलंत का?

मी लिहिलं. 'हो. आधी तुम्ही सांगितलेलं सांगितलं. ते टिकलं नाही. मग खरं सांगितलं. त्यांनी पदवी इथं ठेवली आहे. ती आमच्या रजिस्टरात सापडलेली वस्तू म्हणून नोंदवली आहे. आमच्या नियमानुसार अशी वस्तू मूळ मालकाने स्वतः येऊन, ओळख पटवून घेऊन जावी लागते. पोस्टाने पाठवता येत नाही. दुसऱ्या कुणाकडे देता येत नाही. मुदत नाही.'

पाठवण्याआधी मी दोनदा तपासलं. प्रत्येक वाक्य बरोबर होतं.

दोन्ही खुणा लगेच निळ्या झाल्या. उत्तर आलं नाही. तीस सप्टेंबर आली आणि गेली. ऑक्टोबरात दिवसाला सरासरी एक पूर्णांक एक दशांश माणूस आलं.

पदवी टेबलाखालच्या कप्प्यात आहे, छत्र्यांच्या वर, आडवी. वरच्या कडेला जिथं त्यांनी जोर लावला तिथं प्लास्टिकवर एक पांढरी रेघ आहे, बाकी ती जशीच्या तशी आहे. कप्प्याची किल्ली माझ्याकडं असते. शनिवारी गावी निघताना मी ती धरणेंद्रकाकांकडं देऊन जाते. मी नसताना कुणी आलंच, तर म्हणून.